कात्रपची चोरीला गेलेली बॅच

कमळाकर भोईर यांच्या व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली चार ओळी होत्या. 'खाजगी गुप्तहेर.' 'तर्कसम्राट.' 'आंतरतालुका ख्यातीचे शोधतज्ज्ञ.' आणि चौथी, 'झेरॉक्स, लॅमिनेशन व पासपोर्ट फोटो.' पहिल्या तीन ओळींवर मालकाचा रुबाब चालायचा आणि चौथीवर दुकान.

दुकान अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून चालत चार मिनिटांवर. लॅमिनेशनचं मशीन तापेपर्यंत गिऱ्हाइकाला जागचं हलता येत नसे आणि या अवधीचा कमळाकर पुरेपूर फायदा घेत. "माझ्या नजरेतून जी गोष्ट सुटली, ती मुळात घडलेलीच नसते," ते सांगत. "लोकांना मेंदू असतो. मला यंत्रणा आहे. माणूस दारातून आत आला की त्याच्या चपलेवरून मी त्याच्या आजोबांचा धंदा सांगतो." एवढं होईपर्यंत आत गिऱ्हाइकाचं आधारकार्ड तिरकं जाऊन कायमचं तिरकं झालेलं असे आणि ते यंत्रणेच्या नजरेतून सुटलेलं असे.

चांगल्या गुप्तहेराकडे जिज्ञासा हवी, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. स्वतःकडे ती नव्हती, म्हणून त्यांनी ती पगारावर ठेवली. जिज्ञासा गायकर, वय सत्तावीस, बीकॉम. तिने अर्ज कॉम्प्युटर ऑपरेटरच्या जागेसाठी केला होता. तीन वर्षं झाली. या काळात तिने सरांबरोबर अकरा केसेस केल्या होत्या, त्यातल्या चार हरवलेल्या मांजरांच्या होत्या आणि एक स्कूटरची. स्कूटर स्टेशनच्या पूर्वेला लावून मालक पश्चिमेला शोधत होता. कमळाकरांनीही ती दोन आठवडे पश्चिमेलाच शोधली, कारण 'चोराला वाटतं आपण पूर्वेला बघू.'

तर, एका रविवारी दुपारी दुकानात धर्मेश म्हात्रे आला.

धर्मेशला या पट्ट्यात कोण ओळखत नाही? वडिलांनी जांभूळ गावची जमीन विकली तेव्हा चुलत भावांनी गाड्या घेतल्या, धर्मेशने चटया घेतल्या. उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, खाली शिलाई मशिनींचा खडखडाट चालू असताना, बारा चटयांवर 'प्राणवेल योगा' सुरू झालं. जागेच्या सिंधी मालकाने त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "साईं, हवा तो फ्री का माल है. बस, पॅकिंग अच्छा रखना." धर्मेशने पॅकिंग चांगलं ठेवलं. पाच वर्षांत आठ शाखा झाल्या. उल्हासनगरात चार, अंबरनाथला दोन, बदलापूरला दोन. सगळीकडे तोच पोपटी रंग, तेच प्लॅस्टिकचे बांबू आणि रिसेप्शनवर तेच कोमट लिंबूपाणी. साध्या ताडासनाचं त्याने 'अल्ट्रा ताडासन' केलं होतं, भुजंगासनाचं 'डबल भुजंग.' अशी एकवीस आसनं जोडून त्याने 'प्राणवेल क्रम' बनवला होता आणि त्या क्रमाचा त्याला स्वतःच्या मुलापेक्षा जास्त अभिमान होता. मुलगा त्याला अजून नव्हता, पण तो असंच म्हणायचा.

"भोईर साहेब," धर्मेश खुर्चीत कोसळत म्हणाला, "माझी बॅच चोरीला गेली."

कमळाकरांचे डोळे चमकले. "कुठे लावला होता? शर्टावर?"

"बिल्ला नाही हो. बॅच. कात्रपची. सकाळी सातची."

"अच्छा, सातची," कमळाकर म्हणाले, जणू आठची असती तर गोष्ट वेगळी होती.

धर्मेशने सांगितलं ते असं. बदलापुरातल्या कात्रपची शाखा सर्वांत नवी. उद्घाटनाला बासष्ट सभासद झाले. दोन महिन्यांत उरले पाच. बरं, लोकांना योग नकोसा झाला म्हणावं, तर तसंही नाही. परवा संध्याकाळी तो गाडीतून कात्रपला गेला, तेव्हा दूध केंद्रातला माणूस पिशवी देता देता अल्ट्रा ताडासन करत होता. मेडिकलवाला काउंटरमागे एका पायावर उभा. दोन शाळकरी पोरी बसस्टॉपवर एकमेकींना डबल भुजंगातल्या चुका दाखवत होत्या.

"माझा क्रम, साहेब! माझाच! कोणीतरी चोरून शिकवतंय. आणि मला माहितेय कोण. संध्या. तिथली टीचर. बाहेर प्रायव्हेट बॅच घेत असणार. दुसरं कोणाला सगळा क्रम येतोच कुठे? शुक्रवारी सकाळी मी कात्रपला येतो. तोपर्यंत तुम्ही दुसरा चोर आणून दाखवला तर ठीक. नाहीतर तिला मी त्याच दिवशी घरी पाठवणार."

जिज्ञासाने टाइप करता करता मान वर केली. संध्याला ती ओळखत होती. दोघींची शाळा एक. संध्याने सहा वर्षं एमआयडीसीत पॅकिंगच्या लाइनवर उभं राहून काढली होती. पाठ कामातून गेली तेव्हा ती योगाच्या वर्गाला गेली, पाठ सुधारली आणि मग तिने शिकवायचंच ठरवलं. घरी आईला, रखमामावशींना, ते अजून पटलेलं नव्हतं. लोकांना खाली झोपायला सांगण्याचा पगार मिळतो यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

"केस घेतली," कमळाकर म्हणाले.

सोमवारी सकाळी पावणेसातला दोघं कात्रपला पोचली. कमळाकरांनी वेषांतर केलं होतं, म्हणजे माकडटोपी घातली होती. जिन्यात वॉचमन म्हणाला, "भोईर साहेब, सर्दी झाली काय?"

हॉल पहिल्या मजल्यावर होता. दोन काचांच्या जाड खिडक्या, एसी, आत शिरल्यावर बाहेरचं जग बंद. संध्या पुढे उभी होती, कानाला अडकवलेला छोटा माइक तोंडाशी. समोर सत्तावन्न रिकाम्या चटया आणि पाच माणसं. तरी ती अशा आवाजात शिकवत होती की जणू हॉल भरलेला आहे. "श्वास घ्या... रोखा... सोडा." जिज्ञासाला ते बघून वाईट वाटलं. शाळेत संध्या प्रार्थना सांगायची तेव्हा मैदानाच्या टोकाच्या पोरीसुद्धा सरळ उभ्या राहायच्या.

कमळाकर सहाव्या आसनात अडकले. उजवा हात पाठीमागून डाव्या हाताला भेटायला गेला आणि परत यायला तयार होईना. त्या अवस्थेतच त्यांनी पहिला संशयित शोधला.

"ती बघ," ते जिज्ञासाला दबक्या आवाजात म्हणाले, "कोपऱ्यातली म्हातारी. बॅच सुरू झाल्यापासून आडवी आहे. डोळे मिटलेले. एकही आसन केलं नाही."

"झोपल्यात, सर."

"साधा माणूस तेच म्हणेल. उघड्या डोळ्यांनी कोणीही बघतं, जिज्ञासा. मिटल्या डोळ्यांनी बघते ती हेर. सगळा क्रम कानांनी टिपून घेतेय."

मंगळवारी त्यांनी त्या बाईंना, म्हणजे इंदुबाईंना, लिंबूपाण्याच्या टेबलापाशी गाठलं. माकडटोपी वर सारून एकदम विचारलं, "बोला! कोणासाठी काम करता?"

"सुनेसाठी," इंदुबाई म्हणाल्या. "आणि मुलासाठी. आणि दोन नातवंडांसाठी. साडेचारला उठून चार डबे करते. मग इथे येते झोपायला. एसी आहे. तासभर कोणी 'आई, माझे मोजे कुठेत' म्हणत नाही. या संध्याबाईंचा आवाज पण कसा, अंगाई गायल्यासारखा." मग त्या काळजीने म्हणाल्या, "का हो, झोपायला बंदी आहे का? फॉर्मवर तर लिहिलं नव्हतं."

पहिला सिद्धांत तिथे संपला. कमळाकर अजिबात खचले नाहीत. "म्हातारी निर्दोष आहे, म्हणजे गुन्हा मोठा आहे," असं म्हणत ते खाली उतरले.

इमारतीच्या तोंडाशीच बनूबाईंची लिंबू-सोड्याची गाडी असे. बनूबाई साठीच्या, जांभूळच्या. कोणाशीही बोलायला तयार असत, फक्त पूर्ण बोलू द्यायला हवं.

"इथे सकाळी काही संशयास्पद घडतं का?" कमळाकरांनी विचारलं.

"घडतं तर!" बनूबाई ग्लास विसळत म्हणाल्या. "रोज सात वाजले का कोन बाय वरशी वरडते, सोडा, सोडा, सोडा! मना पयल्यांदा वाटला गिऱ्हाईक हाय. मी आपले ग्लास भरून ठेवले, एक ना दोन, चांगले धा. घेयाला कोनच येत नाय. मंग मी वर बघितला, तं..."

"थांबा!" कमळाकरांनी हात वर केला. "बस्स. पुढे बोलू नका."

"आरं पन आयक तं..."

"कळलं मला सगळं." त्यांनी जिज्ञासाला बाजूला ओढलं. "सोडा! म्हणजे 'मला सोडा'! अगं, या इमारतीत कोणालातरी डांबून ठेवलंय!"

"सर, ती बाई काहीतरी सांगत होती. पूर्ण ऐकूया तरी."

"साक्षीदाराला पूर्ण बोलू दिलं तर तो गोंधळतो. हे सत्तावन्न सभासद गेले कुठे? घरी गेले असं आपण समजत होतो. का समजत होतो? कारण ते घरी दिसतात! पण एखादा तरी नसेल दिसत. त्याला कोंडून त्याच्याकडून क्रम वदवून घेताहेत."

जिज्ञासाने मागे वळून बघितलं. बनूबाईंनी खांदे उडवले आणि लिंबं कापायला घेतली. तिला परत जायचं होतं, पण सर रिक्षात बसले होते आणि दुकानाची किल्ली तिच्याकडे होती.

बुधवारी त्यांनी इमारतीतल्या पाण्याच्या टाकीत डोकावून "कोणी आहे का?" असं विचारलं. गुरुवारी तळमजल्यावरच्या क्लिनिकमध्ये घुसून ज्या पेशंटच्या तोंडाला पट्टी होती त्याला सोडवायचा प्रयत्न केला. त्याची दाढ काढली होती. दरम्यान नवा सिद्धांत निघाला की कोंडलेला माणूस हा धर्मेशच आहे आणि बाहेर हिंडतोय तो तोतया. जिज्ञासाने विचारलं, मग आपल्याला केस कोणी दिली? कमळाकर माकडटोपी सारखी करत म्हणाले, "हाच तर त्याचा डाव."

गुरुवारी संध्याकाळी संध्या दुकानात आली. तिला कुठूनतरी कळलं होतं.

"जिज्ञासा, खरं सांग, तुमचा पण माझ्यावर डाउट आहे?"

"माझा नाही गं."

"मी बाहेर एक पण बॅच घेत नाही. शपथ. पण मला आता वाटायला लागलंय, मी शिकवतेच बेकार. बासष्टचे पाच झाले, आणि त्यातली एक झोपलेली असते. लाइनवर निदान डबे तरी मोजता यायचे. एवढे केले, एवढे उरले. इथे रोज उठून रिकाम्या चटयांना सांगायचं, हात वर करा." तिने नाक पुसलं. "उद्या त्यांनी काढायच्या आधी मीच सोडते."

आतून कमळाकर ओरडले, "ऐकलंस? 'सोडते' म्हणाली!"

जिज्ञासा त्या रात्री घरी गेली ती ठरवूनच, की सकाळी लवकर जाऊन बनूबाईंचं अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण ऐकायचं. आणि नेमकी उशिरा उठली. आतापर्यंत रोज ती सातच्या आत हॉलमध्ये असायची आणि बॅच सुटल्यावरच बाहेर पडायची. शुक्रवारी ती रिक्षातून कात्रपच्या गल्लीच्या तोंडाशी उतरली तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

रिक्षावाल्याने सुट्टे दिले नाहीत, कारण त्याचे दोन्ही हात वर होते.

"एक मिनिट, ताई," तो म्हणाला, "अल्ट्रा चालू है."

जिज्ञासाने समोर बघितलं. सगळ्या गल्लीचे हात वर होते. प्रत्येक गॅलरीत माणसं, गच्चीवर माणसं. नाइटीवर ओढणी घेतलेल्या बायका, बनियनवरचे काका, तोंडात ब्रश धरलेला एक तरुण. दूध केंद्रासमोरची रांग हात वर करून उभी होती आणि रांगेचा क्रम न मोडता डावीकडे झुकत होती. इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला उभी करून ठेवली होती. आणि या सगळ्यांवरून, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, संध्याचा आवाज घुमत होता.

"श्वास घ्या... रोखा... आणि सावकाश... सोडा."

सगळ्या गल्लीने श्वास सोडला.

जिज्ञासा धावत बनूबाईंच्या गाडीपाशी गेली. बनूबाई एका पायावर उभ्या होत्या, दुसरा पाय गुडघ्याला टेकवून, एक हात गाडीच्या दांड्यावर.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही काय सांगत होतात? वर बघितलं, तर?"

"तं कर्णा!" बनूबाई हनुवटीने वर दाखवत म्हणाल्या. "तो बघ. उद्घाटनाला लावला व्हता, गॅलरीत. नेयाला कोनी आलाच नाय. बाय आत माइकात बोलते, हितं समद्यांना आयकू येतं. आमी समदी करताव रोज. पयली लोका पैशे भरून वर जायाची. मंग बोलली, खाली पन तोच आवाज हाय, वरती जिना कोन चढंल? तुज्या सायबाला तेच सांगत व्हते. आयकतंय कोन?"

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, 'प्राणवेल'च्या पोपटी पाटीच्या मागे, काळा भलामोठा लाउडस्पीकर गल्लीकडे तोंड करून बसला होता. दोन काचांच्या आतून तो कोणाला ऐकू येणार? संध्याला नाही, पाच सभासदांना नाही, आणि संध्याकाळी एसी गाडीतून येणाऱ्या धर्मेशला तर नाहीच.

तेवढ्यात कुठूनतरी जमिनीतून आल्यासारखा दुसरा आवाज आला. "सोडा! सोडा! अरे सोडा!"

जवळच्या चारपाच जणांनी आज्ञाधारकपणे पुन्हा श्वास सोडला. "आज मॅडमचा घसा बसलाय का?" एका काकांनी विचारलं.

आवाज मीटर रूममधून येत होता. कैद्याच्या शोधात कमळाकर पहाटेच आत शिरले होते आणि वॉचमनने नेहमीप्रमाणे बाहेरून कडी घातली होती. गेली वीस मिनिटं ते ओरडत होते. वॉचमनने ऐकलंही होतं. तो म्हणाला, "मला वाटलं, योगा चाललाय."

कडी काढली. कमळाकर जळमटं झटकत बाहेर आले. "कैदी सापडला का?"

"सापडला, सर," जिज्ञासा म्हणाली. "तुम्हीच."

तिने त्यांना कर्णा दाखवला, गल्ली दाखवली, सगळं सांगितलं. कमळाकरांनी डोळे बारीक केले. "मला पहिल्या दिवसापासून आवाजावरच संशय होता," ते म्हणाले.

याच वेळी धर्मेशची गाडी गल्लीत शिरली आणि शिरल्या जागी थांबली, कारण पुढे रस्त्यावर अकरा बायका डबल भुजंगात होत्या. धर्मेश खाली उतरला. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग त्याला स्वतःची पाटी दिसली आणि पाटीमागचा स्वतःचा कर्णा.

"फुकट?" त्याच्या तोंडून एवढाच शब्द निघाला. तो जिन्याकडे धावला. जिज्ञासा त्याच्या मागे, कमळाकर तिच्या मागे.

आत संध्या नेहमीसारखी शिकवत होती. "आता उभे राहा. हात वर. खोल श्वास घ्या... आणि रोखा."

धर्मेश कोपऱ्यातल्या अँप्लिफायरकडे गेला आणि त्याने सगळ्या वायरी एका हिसक्यात उपटल्या. हॉलमध्ये शांतता झाली. इंदुबाईंनी कूस बदलली.

"दोन महिने!" धर्मेश ओरडला. "दोन महिने माझा क्रम रस्त्यावर ओतलास!"

"मी?" संध्याला काही कळेना. "कसला रस्ता?"

"नंतर," जिज्ञासा म्हणाली. तिने काच सरकवून खाली बघितलं होतं. "संध्या, ते सगळे अजून रोखूनच उभेत."

खरंच होतं. कोणी 'सोडा' म्हटलंच नव्हतं. गल्ली हात वर करून, गाल फुगवून, वर बघत उभी होती. बनियनवाल्या काकांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. बनूबाईंचे डोळे बाहेर आले होते, पण दोन महिन्यांची शिस्त होती, कोणी मोडायला तयार नव्हतं. दूध केंद्रातला माणूस हळूहळू एका बाजूला कलत होता.

संध्या गॅलरीत आली आणि जागच्या जागी थिजली. तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. अडीचशे तरी माणसं असतील.

"अगं, बघत काय बसलीस!" जिज्ञासा म्हणाली.

माइक नव्हता. संध्याने कठडा धरला आणि पोटातून आवाज काढला. "सोडाऽऽ!"

असा मोठा उसासा कात्रपने पूर्वी ऐकला नसेल. समोरच्या दोरीवरचे रुमाल हलले म्हणतात. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळी गल्ली टाळ्या वाजवायला लागली. "मॅडम, तुम्ही एवढ्या लहान आहात होय!" कोणीतरी ओरडलं. "आवाजावरून मोठ्या वाटायच्या!" तिसऱ्या मजल्यावरून एक बाई म्हणाली, "मॅडम, माझी शुगर खाली आली!" "उद्या कमरेचं घ्या ना!"

संध्या हसत होती आणि रडतही होती. धर्मेश तिच्या शेजारी उपटलेल्या वायरी हातात घेऊन उभा होता. रागाने बोलायला तोंड उघडायचा, खालची गर्दी बघायचा आणि मिटायचा. आठपैकी एकाही शाखेत एका वेळी एवढी माणसं त्याने कधी बघितली नव्हती.

"यांना पैसे मागितले तर?" त्याने हळूच विचारलं.

"मारतील," कमळाकर म्हणाले. त्या आठवड्यातला त्यांचा तेवढा एकच तर्क बरोबर असावा.

"दादा, मला काढणार होतात ना तुम्ही?" संध्याने विचारलं.

धर्मेश वायरींशी चाळा करत राहिला. "कोण म्हणालं? मी? नाही... बघू. जांभूळला नवी शाखा उघडतोय, तिथल्या उद्घाटनाला पण तूच ये. तिथे... तिथे कर्णा लावायचा की नाही, ते तू सांग."

पण संध्याचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती कठड्यावरून वाकून खाली बघत होती आणि तिच्या कपाळाला आठी पडली होती.

"जिज्ञासा, ती सोडावाली मावशी बघ. पाय कसा ठेवलाय! सरळ गुडघ्यावर! दोन महिने असंच करतेय ती? आणि ते काका कमरेतून वाकतच नाहीत, मानेतून वाकतात. अगं, मला कोणी दिसतच नव्हतं!"

ती जिना उतरून अनवाणीच खाली गेली. जिज्ञासाही गेली. गल्ली बाजूला झाली. संध्या बनूबाईंच्या गाडीपाशी धुळीत गुडघे टेकून बसली, तिने त्यांची टाच धरली आणि पाय नीट जागेवर ठेवला.

"गुडघ्याला नाही टेकवायचा, मावशी. एक तर वर, नाहीतर खाली. दुखत नाही का?"

"दुखतंय तं," बनूबाई म्हणाल्या. "मना वाटला, दुखाया पायजे."

"नाही," संध्या म्हणाली. "चला. पहिल्यापासून."